नाक्यावरचा बार, ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ आणि आम्ही दोघी

रानजाई

आमच्या घराजवळ नाक्यावर एक परमिट रूम आहे. नाव देत नाही, या संस्थळाच्या धोरणात बसत नाही. डोंबिवलीतला कुठलाही बार डोळ्यासमोर आणा. खाली नॉन-एसी हॉल, टीव्हीवर मॅच, जिना चढून वर एसी, एसीच्या दारावर ‘फॅमिली रूम’ आणि त्याखाली ‘प्रवेशाचे हक्क मालकाकडे राखीव’ अशी पितळी पाटी. मी आणि नवरा तिथे नेहमी जातो. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, नवऱ्याला आडनावाने हाक मारतो, मसाला पापड न मागता टेबलावर येतो.

मागच्या शुक्रवारी नवरा दौऱ्यावर होता आणि ऑफिसातली मैत्रीण राहायला आली होती. आम्ही दोघी गेलो. तोच कॅप्टन. पहिला प्रश्न, “मागून जेन्ट्स येतायत का?” नाही म्हटल्यावर “वर फुल्ल आहे मॅडम.” दाराच्या काचेतून रिकामी टेबलं दिसत होती, ती दाखवली, तर “रिझर्व्ह आहेत”. बराच वेळ उभं राहिल्यावर बेसिनजवळचं टेबल मिळालं. वेटरने आधी दोन कोल्ड्रिंकच लिहून घेतली. बियर सांगितल्यावर वहीवरून मान वर करून आमच्याकडे बघितलं. बियर कोमट. शेजारच्या टेबलाला शेंगदाणे, चकली, काकडी सगळं फिरत होतं, आम्हाला मागूनही बशी आली नाही. राखीव म्हणालेली टेबलं आम्ही असेपर्यंत भरली नाहीत. बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज! काढा म्हटलं तर उत्तर, “सगळे देतात मॅडम. आणि तुम्ही असं एकट्या येत जाऊ नका, इथे फॅमिली येतात.”

दोघी होतो, तरी एकट्या.

भांडण केलं नाही, पैसे भरले, बिल जपून ठेवलंय. विचारायचं हे आहे, की अशा वेळी करता काय येतं? ‘बार बदल’ हा सल्ला सोडून बोला.

फुकटफौजदार

शेवटच्या ओळीने माझा प्रतिसाद मारला.

मोगऱ्याची_वेणी

+१. पुण्यात काही वेगळं नाही. पबमध्ये बायकांना फुकट एन्ट्री, ‘लेडीज नाइट’ला ड्रिंकही फुकट, कारण तिथे आपण पुरुष गिऱ्हाइकं ओढायला लागतो. आणि घराजवळच्या साध्या परमिट रूममध्ये स्वतःच्या पैशाने बसायचं म्हटलं की चौकशी. दोन्हीकडे हिशेब पुरुषांचाच.

पण एक चांगला अनुभवही लिहिते. सदाशिव पेठेच्या जवळ एक जुना बार आहे, लाकडी पार्टिशनवाला. तिथला म्हातारा वेटर मी एकटी असले की भिंतीकडचं टेबल देतो आणि दुसरं कोणी खुर्ची ओढायला आलं तर “रिझर्व्ह आहे” म्हणून परत पाठवतो. रिकामं टेबल राखीव सांगायची युक्ती तीच, फक्त माझ्या बाजूने वापरलेली.

खिडकीपाशी

मालकाचा धंदा आहे, त्याची जागा आहे. कोणाला बसवायचं ते तो ठरवेल. तुमच्या घरात तुम्ही कोणालाही घेता का? पाटी स्पष्ट आहे ना?

कायदेभान

खिडकीपाशी, घर आणि परवानाधारक उपाहारगृह यांत फरक आहे, आणि तो राज्यघटनेनेच केलाय. अनुच्छेद 15(2) वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथे जायला आडकाठी करता येत नाही. मूलभूत हक्क सहसा सरकारविरुद्ध मागायचे असतात, हे कलम खाजगी मालकालाही लागू आहे.

आता धागाकर्तीच्या मुद्द्याकडे. तिला आत घेतलं होतं, मग तक्रार कसली, असं कोणीतरी म्हणेलच. या कलमाची चर्चा 29 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नक्की काय, त्यात धोबी-न्हावी येतात का, असं सदस्यांनी विचारलं. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं, की हा शब्द नुसत्या आत शिरण्यापुरता नाही. अटी मान्य असतील तर सेवा मागण्याचा हक्क त्यात येतो. म्हणजे बेसिनजवळ बसवून कोमट बियर देणं हा वेगळा किरकोळ विषय नाही, बाई म्हणून तसं केलं असेल तर तो याच विषयाचा भाग आहे.

पाटीला अर्थ आहे, पण मर्यादित. दारू प्यायलेला, दंगा करणारा, बंद व्हायच्या वेळी आलेला, वय न भरलेला यांना नाकारता येतं. वयाचं तर नाकारावंच लागतं. महाराष्ट्रात बियरला 21 आणि कडक दारूला 25.

शेट्टींचा_शेजारी

बराच वेळ वाचत होतो, पण आता लिहितो. वडिलांचा नाशिककडे बार होता, मी दहावीपासून गल्ल्यावर बसलोय. कॅप्टनने केलं ते चूकच. पण ते का होतं ते सांगतो, पटवून घ्यायला नाही.

एक, टेबल म्हणजे पैसा. वेटरचा पगार नावाला असतो, घर टिपवर चालतं. चौघांचं टेबल तीन क्वार्टर, दोन तंदूर, वर सोडा-पाणी असं चढत जातं. दोन बायका एकेक बियर आणि एक पनीर चिली घेऊन गप्पा मारत बसणार, असं वेटर दारातच धरून चालतो. खरं असो नसो. त्यामुळे चांगलं टेबल त्यांच्यासाठी मोडायला तो तयार नसतो. कॉलेजची पोरं, डबा घेऊन आलेला रिक्षावाला, अंगावर सिमेंट असलेला गवंडी, सगळ्यांना हाच नियम. दारात चप्पल बघतात, बुटांना वर पाठवतात.

दोन, भीती. 2005 ला डान्सबारवर बंदी आली, त्यानंतर कित्येक वर्षं एखादी बाई पुरुषाशिवाय बारमध्ये दिसली की बीटवरचा हवालदार आत येऊन “ही कोण?” विचारायचा. सुप्रीम कोर्टाने 2013 ला बंदी उडवली, पण मालकांच्या डोक्यातून ते गेलं नाही. वडील आम्हाला सांगायचे, बाई आली तर बरोबर माणूस आहे का बघा. त्यांना ते संस्कार वाटत नव्हते, लायसन्स वाचवणं वाटत होतं.

तीन, आता खर्च फार वाढलाय. नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूमचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. 2025 मध्ये लायसन्स फी वाढली, उत्पादन शुल्क वाढलं. 14 जुलै 2025 ला राज्यभर बार बंद ठेवले होते ते त्यासाठीच. मग मालक सर्व्हिस चार्जसारख्या वाटा शोधतो. गिऱ्हाइकाला वाटतं तो वेटरला जातो. आमच्याकडे वेटरला त्यातलं काय मिळायचं ते मी लिहीत नाही, वडील हा धागा वाचतील.

रानजाई

शेट्टींचा_शेजारी, मनापासून लिहिलंत. पण ‘दोन बायका कमी पितात’ हे गणित कॅप्टनने आम्ही ऑर्डर द्यायच्या आधीच मांडलं होतं ना. नवऱ्याबरोबर जाते तेव्हा तो दोन घेतो, मी तीन. बिल वाढवते मी, आणि नमस्कार त्याला.

फुकटफौजदार

हे त्या बारच्या पाटीवर लिहायला हवं.

तिसरी_गल्ली

कपड्यांवरून होणारं मी रोज बघतो. सोसायटीत सामान पोचवणारा मुलगा माझ्या गावचा आहे. शिफ्ट संपल्यावर टी-शर्ट न बदलता आम्ही दोघं गेलो, तर त्याला “पार्सल काउंटर त्या बाजूला”. तो गिऱ्हाईक असू शकतो हे सुचलंच नाही कोणाला. मी बोलल्यावर बसवलं, पण खाली, नॉन-एसीत, मी वर बसणारा माणूस असूनही. कायदेभान, याला तुमचं 15(2) लागतं का?

कायदेभान

सरळ नाही लागत. त्या यादीत गरिबी नाही, कपडे नाहीत, पेशा नाही. तामिळनाडूत 2014 ला एका क्लबने वेष्टी (तिकडचं धोतर) नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आत घेतलं नाही, तेव्हा त्याच वर्षी विधानसभेने वेष्टीवरून प्रवेश नाकारण्याविरुद्ध कायदाच केला. न्यायाधीश अडले म्हणून कायदा झाला. टी-शर्टवाल्यासाठी कोण करणार?

उंबरठ्याबाहेर

वर कोणीतरी लिहायची वाट बघत होतो, आता मीच लिहितो.

शहरातल्या लोकांना वाटतं बारमध्ये जात नसते, पैसे टाकले की झालं. आमच्या तालुक्याच्या गावात, वडिलांच्या तरुणपणी, चहाच्या हॉटेलात आमच्यासाठी कप वेगळे होते. बाहेर कोनाड्यात ठेवलेले, पिऊन स्वतः विसळून परत कोनाड्यात. देशीच्या दुकानात मात्र ग्लास सगळ्यांना एकच, कारण तिथे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. वडील हसून सांगायचे, माणुसकी बघायची तर गुत्त्यावर जा. मला ते ऐकून कधी हसू आलं नाही.

माझ्या पिढीत कप एक झाले. आता काय होतं, तर परमिट रूममध्ये गावातलाच वेटर आडनाव ओळखतो आणि त्यानंतर बर्फ संपलेला असतो, स्टीलचा ग्लास येतो, टेबल पुसायला फडकं नसतं. सिद्ध काय करणार? बर्फ खरंच संपला असेल. रानजाईला कोमट बियर मिळाली त्याचं दुःख मला लगेच कळलं, ते यामुळे.

कायदा आहे. 1955 चा अस्पृश्यता कायदा, 1976 पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेलात प्रवेश आणि तिथली भांडी वापरणं, दोन्ही त्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. शिक्षा एक ते सहा महिने. पण साक्षीदार म्हणून जे टेबलावर बसलेले असतात त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच बारमध्ये जायचं असतं.

मोगऱ्याची_वेणी

उंबरठ्याबाहेर, शेवटचं वाक्य वाचून थांबले. लिहीत राहा.

जय_सह्याद्री_९६

खरा भेदभाव मराठी माणसावर होतो त्यावर कोणी बोलत नाही. सगळे बार परप्रांतीयांचे. वेटर हिंदीत बोलतो, मेनू इंग्रजीत. आधी ते बघा!

शेट्टींचा_शेजारी

मराठी पाटी सक्तीची आहेच, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दारू मिळते त्या जागेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. आमच्या तालुक्यात एका रात्रीत दोन किल्ले उतरले. बाकी मी मराठी, वडील मराठी, आणि बायकांना दारात अडवायचा नियमही आमच्याच घरचा. रानजाईचा कॅप्टन कुठल्या भाषेत बोलला?

रानजाई

शुद्ध मराठीत.

संपादक मंडळ

धागा भाषावादाकडे नेऊ नये. जय_सह्याद्री_९६, स्वतंत्र धागा काढावा. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

टेम्सपलीकडे

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथला स्मेदिकचा किस्सा या धाग्यात बसतो म्हणून लिहितो.

साठच्या दशकात स्मेदिकच्या ओतशाळांमध्ये पंजाबी कामगार खूप होते. काम आटोपून पबमध्ये गेले तर काही पब सरळ नाही म्हणायचे. काही पब घ्यायचे, पण फक्त साध्या बारमध्ये. आतली गालिचावाली ‘स्मोक रूम’ गोऱ्यांसाठी. म्हणजे बियर मिळत होती, तक्रार खोलीची होती. नॉन-एसी आणि एसी आठवलं ना? इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जोहल यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पब तपासायला सुरुवात केली. आधी विद्यार्थी जाऊन ग्लास घेणार, लगेच मागून आपला माणूस तेच मागणार. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, हे साक्षीदारांसमोर. 12 फेब्रुवारी 1965 ला जोहल यांनी अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता मॅल्कम एक्स याला तिथे आणलं. ‘ब्लू गेट्स’ पबच्या स्मोक रूममध्ये त्यालाही नाकारलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. वंशभेदाविरुद्धचा पहिला ब्रिटिश कायदा त्याच वर्षी आला आणि त्यात पब होते. आज त्या भागातले कित्येक पब पंजाबी मालकांचे आहेत, बियरबरोबर मिक्स ग्रिल आणि मच्छी पकोडा मिळतो, गोरे गिऱ्हाईक रांग लावतात.

बायकांचं लंडनमधलं प्रकरण तर रानजाईचंच वाटेल. फ्लीट स्ट्रीटवर ‘एल व्हिनो’ नावाचा वाइन बार, वकील-पत्रकारांचा अड्डा. तिथे बायकांनी काउंटरला उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, वाइन तिथे आणून देणार. मालकांचं म्हणणं, आम्ही नाकारतोय कुठे, उलट बसायला देतोय. 1982 ला अपील न्यायालयाने सांगितलं, काउंटरवरच्या गप्पांमधून बायकांना बाहेर ठेवणं हाच भेदभाव. याचिका करणाऱ्या दोघी होत्या, एक वकील, एक पत्रकार.

फुकटफौजदार

म्हणजे आपण आधी पुरुष पाठवायचा, टेबल मिळालं की मागून रानजाई. मी स्वयंसेवक व्हायला तयार आहे, फक्त बिल कोण देणार ते ठरवा.

तिसरी_गल्ली

चेष्टेत म्हणालात, पण चांगलं आहे. दोन मित्र आधी, पाच मिनिटांनी दोघी. वेळ, टेबल नंबर, काय सांगितलं ते लिहून ठेवायचं. आपल्याकडे सगळं ‘त्याने असं तोंड केलं’ इथे अडकतं.

मांडवीकाठी

गोव्यातून. आमच्याकडे तावेर्नात (गावातल्या साध्या बारमध्ये) आजीही बसते आणि ऊर्राक (काजूची दारू) मागते, कोणी मान वळवत नाही. पण किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये या, चार भारतीय मुलगे दिसले की टेबल नसतं, मागून गोरं जोडपं आलं की असतं. आणि क्लबांची ‘स्टॅग एन्ट्री नाही’, म्हणजे बरोबर बाई नसलेल्या पुरुषांना प्रवेश नाही, ती वेगळीच. मुलग्यांनी दंगा केल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत, मी स्वतः बघितल्यात. तरी माझा भाचा, जो दोन बियरवर झोपतो, तो दरवेळी बाहेर का?

खिडकीपाशी

हेच म्हणतोय मी. स्टॅग नाही हा पुरुषांवरचा भेदभाव, त्यावर कोणी धागा काढत नाही. आणि बायकांच्या सुरक्षेसाठीच मालक काळजी घेतो ना?

मोगऱ्याची_वेणी

खिडकीपाशी, काढा की धागा, पहिला प्रतिसाद माझा. पण सुरक्षेची काळजी म्हणजे आम्हाला उठवणं नव्हे, त्रास देणाऱ्याला उठवणं.

कायदेभान

‘बायकांच्या सुरक्षेसाठी’ हे कारण कोर्टासमोर येऊन गेलंय. जुन्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम 30 दारू मिळते तिथे बायकांना नोकरीला ठेवू देत नव्हतं. 2007 ला अनुज गर्ग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. सूर असा, की सुरक्षा द्यायची म्हणून स्वातंत्र्यच काढून घेता येत नाही. मुंबईच्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये स्टेजवर चारच बायका आणि चारच पुरुष, ही परवान्यातली अट 2022 ला अशीच गेली. दोन्ही प्रकरणं काम करणाऱ्या बायकांची आहेत, गिऱ्हाइकांची नाहीत, हेही सांगतो, नाहीतर उद्या कोणी बारमध्ये निकालाची प्रत घेऊन उभं राहील.

आता रानजाईला कामाचं.

सर्व्हिस चार्ज हा तुझा सगळ्यात पक्का धागा आहे, कारण तो छापील आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, 28 मार्च 2025 ला न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कर.

बिल नीट बघ. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. खाण्यावर जीएसटी. काही ठिकाणी सगळ्या रकमेवर दोन्ही मारलेले असतात. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं असेल तर मात्र भांडू नकोस, बसून प्यायच्या जागेला ते चालतं असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 ला म्हटलंय. वाइन शॉपला चालत नाही.

टेबल आणि वागणुकीचं अवघड आहे. ग्राहक आयोगात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जाता येतं. तू पैसे भरलेस, म्हणजे तू ग्राहक. दारातूनच परत पाठवलं असतं तर तिथेच वाद झाला असता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, आणि तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण बेसिनजवळच्या टेबलासाठी वर्षभर तारखा करशील का, ते तुझं तू ठरव.

शेट्टींचा_शेजारी

एक भर घालतो. पेगवर शंका असेल तर माप बघायला मागा. 30 आणि 60 चं माप वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं लागतं. आमच्याकडे गिऱ्हाइकाने माप मागितलं की वडील स्वतः उठून यायचे. चखण्याची बशी मागून मिळत नाही, पण माप मागितलं की वेटर सरळ उभा राहतो. दुसरं, कॅप्टनशी बोलू नका, मालकाशी बोला, संध्याकाळी सहाच्या आत, गल्ल्यावर. त्या वेळी त्याला ऐकायला वेळ असतो आणि समोर गिऱ्हाईक नसल्याने अब्रूचा प्रश्न होत नाही.

रानजाई

थोडं पुढचं. 1915 वर तक्रार नोंदवली. नंतर बारमधून फोन आला आणि सर्व्हिस चार्जची रक्कम परत करतो म्हणाले, केलीही. मालकाला भेटले. माणूस गोड बोलला. “आमच्या घरच्याच आहात तुम्ही, पुढच्या वेळी साहेबांबरोबर या, मी स्वतः टेबल देतो.” साहेबांबरोबर! मी म्हटलं, साहेबांना नाही, मला द्या. त्यावर हसला फक्त.

त्यामुळे तिसरी_गल्ली यांची योजना करायची ठरवलंय. येत्या आठवड्यात नवरा आणि त्याचा मित्र आधी, आम्ही तिघी नंतर. आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा अधीक्षकांकडे लेखी तक्रारही द्यायची आहे. त्यात काय लिहू?

उंबरठ्याबाहेर

योजनेत मला घ्या. डोंबिवलीत मला आडनावाने कोणी ओळखत नाही, नुसता साक्षीदार म्हणून बसता येईल. ते पण एकदा करून बघायचंय.

कायदेभान

तक्रारीत तारीख, वेळ, बिल क्रमांक, कॅप्टनची वाक्यं जशीच्या तशी. विशेषणं नकोत. प्रत्येक कागदाची झेरॉक्स, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नकोस. आणि त्याआधी एक काम. महाराष्ट्रात दारू प्यायला पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, हे बहुतेकांच्या गावी नसतं. विदेशीसाठी एक दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, आजीवन 1000. तुम्ही तिघी आजीवन काढून घ्या. अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारेल.